‘डेलाइट रॉबरी’चा खिडकीकराशी संबंध नाही

इंग्लंडच्या सरकारने खिडक्यांवर कर लावून लोकांचा उजेड लुटला, त्यावरून ‘डेलाइट रॉबरी’ हा वाक्प्रचार आला, असा मजकूर फिरतो आहे. कर खरा आहे. १६९६ साली लागला, १८५१ साली उठला. तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत गरिबांचे हाल झाले, हेही खरं. पण वाक्प्रचार रूढ झाला तो विसाव्या शतकात, कर उठल्यावर कितीतरी वर्षांनी. अर्थ सरळ आहे : दिवसाढवळ्या लूट.

त्या मजकुरासोबत येणाऱ्या बुजवलेल्या खिडक्यांच्या फोटोंवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जॉर्जियन, म्हणजे मुख्यतः अठराव्या शतकातल्या इंग्रजी धाटणीच्या, घरांच्या दर्शनी भिंतीवर समतोल साधायला काही खिडक्या मुळातच आंधळ्या बांधत. चौकट, उंबरा सगळं जागच्या जागी, मागे मात्र धुराड्याची भिंत.