वेबसाइटचा दर फोनवरच सांगून टाका

बेळगावात वेब डिझाइनचा फ्रीलान्स धंदा करताय ना? मग एस्टिमेट वगैरे बंगळूर-पुण्याच्या लोकांची थेरं सोडा. गिऱ्हाइकाचा फोन आला की गाडी बाजूलाही न घेता आकडा सांगून मोकळं व्हायचं. पानं किती, फोटो कोण देणार, मजकूर कोण लिहिणार, असलं विचारलं तर त्यांना वाटतं, ह्याला काम येत नसावं.

लिहून काही द्यायचं नाही. आपल्यातलाच माणूस आहे.

डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची जागा) आपल्या खिशातून भरा. पुढच्या वर्षी मालक म्हणतील, "गेल्या वर्षी दिले की ओ पैसे." तेव्हाही भरा.

आता भाषांचं. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीवाल्या, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्या, मालकांचं काम नुकतंच केलं. ठरली होती इंग्रजीतली पाच पानं. साइट तयार झाल्यावर फोन आला, "तेवढं कन्नड आणि मराठीपण टाका की. साठ टक्के कन्नड लागतंय म्हणे आता." साठ टक्क्यांचा तो कर्नाटकातला 2024 चा नियम नावाच्या पाट्यांसाठी आहे, वेबसाइटसाठी नाही, हे बोलू नका. वाद घालणारा डिझायनर कुणाला आवडतो? टाका. पाचाची पंधरा पानं होतात, होऊ द्या. कन्नड जोडाक्षरं ओळीखाली उतरतात, बटणाची उंची बांधलेली असली की खालून कापली जातात. मग सगळी मांडणी परत तपासा, मोबाइलवर वेगळी तपासा. भाषांतर बघणाऱ्या मास्तरांना पदरचे पैसे द्या. आणि हे सगळं "त्यातच" करा.

हेच मालक स्वतः कोटेशन कसं देतात माहीत आहे? कास्टिंग किलोवर. पॅटर्नचे, म्हणजे साच्यासाठीच्या नमुन्याचे, पैसे वेगळे, तेही आधी. मशीनिंग वेगळं, वाहतूक वेगळी, जीएसटी वेगळा. पॅटर्न झाल्यावर कोल्हापूरच्या पार्टीनं ड्रॉइंगमध्ये एक भोक इकडचं तिकडं केलं, तर दुरुस्तीचं बिल संध्याकाळपर्यंत पोचतं. त्यांना म्हणून बघा, "पाच किलोचं ठरलंय, पंधरा किलो ओता की, त्यातच!" गेटच्या आत घेतील? आमची पानं मात्र फुकट उगवतात. पोरगं लॅपटॉपवर तर बसतंय, त्याला कसले कष्ट!

आणि 2006 चा एमएसएमईडी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा, कायदा चुकूनही वाचू नका. छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी मोफत होते, लेखी करार नसेल तर गिऱ्हाइकाला बिलाचे पैसे 15 दिवसांत, करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असलं कळलं की उगाच डोक्याला ताप. त्यापेक्षा "दिवाळीनंतर बघू" ऐकायला बरं.

पुरे. मालकांना ही सवय लावली कुणी? आपणच. पंधरा पानं पाच हजारात करून देणारे शहापुरात आहेत, टिळकवाडीत आहेत, खानापुरातही आहेत, आणि वर "ओळख वाढते" म्हणून सांगतात. वडगावचा विणकरसुद्धा मागावर बसायच्या आधी मजुरी बोलून घेतो. तुम्हाला तास मोजायची लाज कसली वाटते? पानं, भाषा, दुरुस्त्यांच्या फेऱ्या कागदावर घ्या. अर्धे पैसे खात्यात पडेपर्यंत लॅपटॉप उघडू नका. भाषा वाढली की बिल वाढवा. एवढं तोंडातून निघत नसेल तर दुसरा धंदा बघा, पण आमचे दर पाडू नका.