जरा वऱ्हाडीत बोलून दाखवा!

परवा पुण्यात, एरंडवण्यातल्या एका लग्नात, जेवणाच्या रांगेत, ‘वाढून राह्यले का?’ एवढंच माझ्या तोंडून निघालं आणि पुढच्या काकांची मान गर्रकन वळली. हातात ताट, ताटात फक्त लिंबाची फोड.

“नागपूरचे का?”

“अमरावतीचा.”

“तेच ते!”

तेच ते कसं? मध्ये दीडशे किलोमीटर आहेत, पुणे-मुंबईत आहेत तेवढेच. मुंबईकराला एकदा ‘पुण्याचे का? तेच ते!’ म्हणून पाहा. पण पोटात कावळे ओरडत असताना भूगोल कोण शिकवणार? मी नुसता हसलो, तर काकांना ती संमती वाटली.

“जरा वऱ्हाडीत बोलून दाखवा ना काहीतरी! अगं, इकडे ये, हे वऱ्हाडीत बोलतायत.”

काकू आल्या. त्यांच्यामागे एक भाचा, मोबाईल आडवा धरून. मागची रांग खोळंबली. शेवटी मनात होतं तेच बोललो.

“काका, सकायपासून उपाशी हाओ मी, अन् तुमी मले जेवू नाई देऊन राह्यले.”

काकू खळखळून हसल्या. भाचा म्हणाला, “वन मोअर!” काका मात्र नाराज.

“छे! ते तसं नसतं. त्यात ‘रं’ कुठंय? ‘व्हय रं, पाव्हणं’ असं पाहिजे.”

“ते कोल्हापूर-साताऱ्याकडचं, काका. आम्ही ‘हव’ म्हणतो.”

“तेच ते हो, गावाकडचं. तुम्ही शहरात राहून विसरलात.”

माझ्या आईची बोली मला चुकीची येते, हे मला लिंबाच्या फोडीकडून कळलं. वर काकांनी आपलं विदर्भज्ञानही उघडलं. “ऊन फार ना तुमच्याकडे? आणि ते सावजी, डोळ्यांतून पाणी काढतं म्हणे! शेतकऱ्यांचं तेवढं फार वाईट हो, रोज पेपरात...” इतक्यात बासुंदी आली आणि शेतकरी तिथेच राहिला.

राग आला तो इथे. मालिकांमध्येही आमची बोली कोणाच्या वाट्याला येते? हवालदार, ड्रायव्हर, नाहीतर ज्याचं पडणं-धडपडणं पाहून हसायचं तो. वऱ्हाडीत बोलणारी नायिका प्रेमात पडलेली मी तरी पाहिली नाही. आणि ‘शुद्ध मराठी’चा तोरा कोणापुढे? मराठीतला पहिला गद्यग्रंथ मानतात तो ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केला आमच्या रिद्धपुरात, अमरावती जिल्ह्यात. हे मी काकांना सांगणार होतो. पण ते मसालेभाताकडे गेले होते.

बरं, आम्ही तरी एकमेकांचे कुठे आहोत? आमच्याकडे नागपूरकरांना ‘अर्धे हिंदीवाले’ म्हणतात. 1956 पर्यंत त्यांचं शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी अंगाला लागणारच. पण टोमणा मारताना इतिहास कोण पाहतो? नागपूरकर आम्हाला खेडवळ समजतात. आणि भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली ऐकली की दोघंही एक होऊन हसतात. तेव्हा कोणाला अपमान आठवत नाही.

गावी गेलो की वेगळाच छळ. चहाच्या टपरीवर चुकून ‘अरे वा, छान!’ म्हणालो, तर पोट्टे एकमेकांना कोपर मारतात. “काऊन बे, लय पुणेरी झाला!” लगेच फर्माईश, “पुण्यातल्यासारखं बोलून दाखव न.” तिथेही मी बोलून दाखवतो. नाही बोललो तर म्हणतात, आता भाव खाऊन राह्यला.

त्या दिवशी माझ्यापर्यंत बासुंदी पोचलीच नाही. काकांनी निघताना आग्रहाने नंबर घेतला. त्यांच्या सोसायटीच्या गणपतीत विविधगुणदर्शन असतं. लावणी ठरली, कोळीगीत ठरलं, आता एक ‘वऱ्हाडी आयटम’ हवाय. काल मेसेज आला: रविवारी तालीम आहे, धोतर असल्यास आणावे, आणि ‘रं’ तेवढं बघा.