हस्तिदंतातली मेरी आणि नांदणीची माधुरी

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. जुलै 2025 मध्ये नांदणीच्या जैन मठातली हत्तीण महादेवी, आपली माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी-केंद्रात गेली, तेव्हा मी लंडनमध्ये होते. घरच्या ग्रुपवर दिवसरात्र वाद. एक म्हणे, 'तुम्हाला आमची श्रद्धा काय कळणार?' दुसरा म्हणे, 'साखळदंडात कसली आली श्रद्धा?'

त्याच दिवसांत मी इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात चौदाव्या शतकातल्या हस्तिदंती जोडपाट्या बघत होते. बिजागरीवर पुस्तकासारख्या मिटणाऱ्या, हातात मावणाऱ्या. एका पाटीवर बाळ कडेवर घेतलेली मेरी, दुसरीवर क्रूसावरचा येशू. पॅरिस हे तेव्हा या कोरीवकामाचं मोठं केंद्र. कॅथलिक माणूस ही पाटी घरात, एकट्याने, प्रार्थनेला उघडून बसायचा. हे मला कुणी समजावून सांगायला नको. आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण मी हातसामानातून इथे आणले आहेत. एका मेरीचं नाक झिजून सपाट झालं होतं. किती बोटं फिरली असतील त्यावरून! ते प्रेम खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

पण तो दात आफ्रिकेतल्या हत्तीचा. सुळ्याचा सुमारे तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. अख्खा सुळा हवा असेल तर हत्ती मेलेलाच हवा. आणि जिवंत हत्तीचं काय झालं? 1255 मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला एक हत्ती भेट दिला. टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला बघायला माणसं लोटली. दोनेक वर्षांत तो मेला.

ब्रिटनच्या 2018 च्या कायद्याने हस्तिदंताची खरेदी-विक्री, मोजके अपवाद सोडून, 6 जून 2022 पासून बंद झाली. मेरी मात्र संग्रहालयात आपल्या जागी आहे. तिच्यापुढे गुडघे टेकणाऱ्यांना त्यासाठी कुणी दांभिक ठरवलं नाही. आपल्याकडच्या वादात मला हेच हवं होतं: भक्ती खरी मानायची, आणि तरीही हत्तिणीचे दुखरे पाय बघायचे.

भावाने विचारलं, मग माधुरीने परत यावं की नाही? मी म्हटलं, पायांवर इलाज होईल आणि इतर हत्तिणींची सोबत मिळेल अशी जागा नांदणीजवळ झाली, तर जरूर यावं. तोवर नको. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मठात जाताना ती माधुरीसाठी आठवणीने केळी न्यायची.