तुमच्या दोन ताऱ्यांना उत्तर: आरसे नेमके कुठे चुकतात

नमस्कार. सोल्स्टिस या सूर्यकिरणांचा माग काढणाऱ्या संगणकप्रणालीसाठी आम्ही हेलिओस्टॅटच्या (सूर्यामागे वळून त्याचा प्रकाश मनोऱ्यावरच्या रिसीव्हरवर, म्हणजे ऊर्जा झेलणाऱ्या पृष्ठावर, फेकणाऱ्या आरशांच्या) मैदानाची जी नमुना फाइल विकतो, तिला तुम्ही दोन तारे दिलेत. तक्रारी चार आहेत. रिसीव्हरवरच्या ऊर्जेचा ऐन माध्यान्हीचा आकडा सोळा टक्क्यांनी कमी येतो. दुपारनंतर एका वेळी मात्र तोच आकडा चोख जुळतो. स्वतःचा आरसा बसवला की तो कडेवर उभा राहतो. आणि लांबच्या रांगांचा प्रकाश रिसीव्हरबाहेर सांडतो. यातल्या पहिल्या दोन आणि शेवटची, या तिन्हींचा दोष आमच्याकडे येतो. तिसरीचा अर्धा.

पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे, आणि त्याचा सुगावा तुमच्याच दुसऱ्या तक्रारीत आहे. सूर्याच्या स्थितीची बहुतेक कोष्टकं दिगंश (क्षितिजावरची दिशा, अंशांत) उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजतात: पूर्व ९०, दक्षिण १८०. सोल्स्टिस तो अधिक एक्स अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेनं मोजतं. आमच्या फाइलमध्ये एक्स म्हणजे पूर्व, वाय म्हणजे उत्तर. म्हणून कोष्टकातला दिगंश ९० मधून वजा करून द्यावा लागतो आणि उत्तर उणे आलं तर त्यात ३६० मिळवायचे. दक्षिण होते २७०. तुम्ही १८० तसाच दिलात, त्यामुळे सूर्य थेट पश्चिमेला गेला. दिगंश २२५ असताना मात्र दोन्ही मोजण्या एकच दिशा दाखवतात (९० − २२५ = −१३५, म्हणजे २२५), म्हणून तेवढ्या वेळेला आकडा जुळला. हे वजाबाकीचं वाक्य सूचनापुस्तिकेत हवंच होतं. नव्हतं.

तुमच्या सोळा टक्क्यांचा हिशेबही लागतो. मनोऱ्याच्या उत्तरेला २०० मीटरवर एक आरसा घ्या, लक्ष्य त्याच्या अक्षापेक्षा १०० मीटर उंच. सूर्य दक्षिणेला, उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) ५० अंश. आरशाचा लंब (काचेला काटकोनात असलेली दिशा) सूर्य आणि लक्ष्य या दोन दिशांच्या बरोबर मधोमध असतो. इथे त्या दिशांमधला कोन सुमारे २३.५ अंश, त्याच्या निम्म्याचं कोसाइन ०.९८. आरसा झेलतो तो प्रकाश याच कोसाइनच्या प्रमाणात असतो. सूर्य चुकून पश्चिमेला धरला की कोन होतो ७० अंश आणि कोसाइन ०.८२. ०.८२ भागिले ०.९८ करून पाहा. मध्यबिंदू हातानं काढणार असाल तर दोन्ही सदिश (त्या दिशांचे बाण) आधी एकक लांबीचे करा. मीटरमधला सदिश आणि एकक सदिश यांची तशीच बेरीज केली की लंब लक्ष्याकडे ओढला जातो.

आता कडेवर उभा आरसा. झेडएक्स पिव्हट, म्हणजे आरसा दोन अक्षांभोवती फिरवणारा सांधा, विश्रांतीच्या स्थितीत अधिक वायकडे पाहतो, तर सपाट किंवा परवलयाकार आरसा वर, अधिक झेडकडे तोंड करून काढलेला असतो. म्हणून आरशाच्या घटकाला एक्सभोवती उणे ९० अंशांचं वळण द्यायचं. ते विसरलं की पिव्हट सूर्याचा माग बरोबर घेतो, पण काच त्याच्याशी काटकोनात राहते. अधिक ९० दिलं तर आरसा पाठ दाखवतो. पुस्तिकेत हे आहे, पण एका ओळीत, आकृतीशिवाय. ओळ सापडली नाही याचा दोष तुम्हाला देणार नाही.

तिथेच आणखी एक बारकावा. काच अक्षाच्या ३० सेंटीमीटर पुढे असेल तर संदर्भबिंदूही (जिथून लक्ष्याची दिशा धरली जाते तो) वायवर ०.३ पुढे न्या. तो शून्यावरच ठेवला तर आपाती कोन (येणारा किरण आणि लंब यांमधला) ३५ अंश असताना ठिपका सुमारे १७ सेंटीमीटर सरकतो, आणि कोन बदलतो तसा दिवसभर हलत राहतो.

सांडणाऱ्या प्रकाशाची चूक सर्वस्वी आमची. नमुन्यात सगळ्या आरशांना २०० मीटर हे एकच नाभ्यंतर (आरशापासून किरण एकवटतात ते अंतर) होतं. सूर्यबिंब सुमारे ९.३ मिलिरेडियनचं (दर १,००० मीटर अंतराला ९.३ मीटर रुंद), म्हणजे ४०० मीटरवर त्याचा ठिपका किमान ३.७ मीटर होणारच. त्यात नाभ्यंतर २०० राहिलं की किरण निम्म्या वाटेवर एकवटतात आणि पुढे पुन्हा आरशाएवढे पसरतात. ११ मीटरच्या आरशाचा ठिपका मग १४ मीटरच्या पुढे जातो. स्पेनमधल्या सेव्हिलजवळच्या पीएस१० या सौर मनोरा-वीजकेंद्रासारखं मैदान उभं करायचं, जिथे प्रत्येकी सुमारे १२० चौरस मीटरचे ६२४ आरसे आहेत, तर प्रत्येक रांगेचं नाभ्यंतर तिच्या लक्ष्यापर्यंतच्या तिरक्या अंतराइतकं ठेवावं लागतं.

दुरुस्त फाइल तुम्हाला विनामूल्य पाठवतो आहोत. पैसे परत हवे असतील तर तेही देऊ. सगळं मैदान चालवण्याआधी एकच आरसा ठेवून सूर्य २७०,५० ला (दिगंश, उन्नतांश) द्या. रिसीव्हरवर शून्य आलं तर त्याच्या दोन्ही बाजू मोजायला सांगा: ऊर्जा मागच्या बाजूला दिसली तर रिसीव्हरचं तोंड उलटं आहे. तिथेही शून्य असेल तर फाइलमध्ये आरशावर 'प्रायमरी' ही खूण १ आहे का बघा, कारण किरणांचे नमुने फक्त तशाच पृष्ठांवर घेतले जातात. आणि किरण थोडे वाढवून फार फरकाची अपेक्षा नको: त्रुटी निम्मी करायला चौपट किरण लागतात, दहाव्या हिश्श्यावर आणायला शंभरपट.