दोन टिंबं वर

वेबसाइटवर एक फोटो बदलायचा होता. एकच. एफटीपीचं, म्हणजे संगणक आणि सर्व्हर यांच्यात फायलींची ने-आण करणारं, सॉफ्टवेअर उघडलं: डावीकडे माझा संगणक, उजवीकडे दूरवरचा सर्व्हर. उजवीकडची यादी खाली सरकवताना माऊस जरा घसरला आणि 'इमेजेस' हे अख्खं फोल्डर शेजारच्या कुठल्यातरी फोल्डरच्या पोटात गडप झालं. "हलवू का?" असं कुणी विचारलंसुद्धा नाही. एरवी साधी फाइल बंद करताना दहा चौकश्या! कंट्रोल-झेड दाबून पाहिलं. सर्व्हर ढिम्म.

साइटवर फोटोंच्या जागी फाटके चौकोन. सपोर्टला चॅटवर गाठलं.

"काळजी नसावी सर, आपलं फोल्डर सर्व्हरवरच आहे."

"सर्व्हरवर कुठे?"

"आपल्या अकाउंटमध्ये, सर."

हरवलेलं पोर पृथ्वीवरच आहे, असं सांगितल्यासारखं.

"एक पायरी वर जाऊन पाहिलंत का?"

यादीच्या डोक्यावर दोन टिंबं असतात, त्यांवर टिचकी मारली की एक पायरी वर. गेलो. नव्हतं.

"अजून एक पायरी वर, सर."

गेलो. तर ५५०, परवानगी नाही.

"तिथे आपल्याला जाता येत नाही, सर."

"मग पाठवलंत कशाला?"

यावर त्याच्याकडून टाइप करत असल्याची तीन टिंबं नाचत राहिली. तिकडची दोन आणि इकडची तीन, या पाच टिंबांत माझी दुपार गेली. मी गयावया करतोय तोवर सर्व्हरनेही ४२१ म्हणत, कंटाळून, फोन ठेवला.

या एफटीपीचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी १९७१ मध्ये लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले ते. एरवी मी हे छाती फुगवून सांगतो. त्या दिवशी नाही सांगितलं.

यात 'हलवणं' असं काही नसतंच म्हणे. फाइलचं नुसतं नाव बदलतं, पत्त्यासकट. म्हणून डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं उरकतं. आणि तो नवा पत्ता 'आरएनटीओ' या आज्ञेपुढे लिहिलेला असतो, खिडकीच्या वरच्या त्या बारीक अक्षरांच्या पट्टीत, जी मी आजवर कधी वाचली नव्हती. सपोर्टवाल्यानेही वाचली नसावी. पट्टी मागे सरकवली आणि दिसलं: इमेजेस, 'जुनं-फायनल-२' च्या आत. हे फोल्डर मीच केलेलं. का, ते आठवत नाही.

श्वास रोखून, माऊसला हात न लावता, पत्ता टाइप करून फोल्डर जागेवर आणलं. फोटो मात्र जुनाच आहे. कुणी विचारलं तर सांगतो, तोच जास्त बरा दिसतो.