पाच दिवसांच्या गोळ्या अन् दहा पुड्या

आज शाळेतून येताना आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला मेडिकलवर थांबले. माझ्यापुढे खेड्यावरच्या एक मावशी होत्या. नवऱ्याची चिठ्ठी काउंटरवर, हातात पदराची गाठ. चिठ्ठी माझ्यासमोरच पडलेली होती म्हणून नजर गेली. क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन ही दोन अँटिबायोटिक्स, ॲसिड कमी करायची गोळी, १४ दिवस. जठरात जखम (अल्सर) करणाऱ्या एच पायलोरी जंतूवरचा हा कोर्स. ही चिठ्ठी मला पाठ आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या अप्पांना हीच मिळाली होती.

पैसे ऐकून मावशींचा हात गाठीवरच थांबला. मेडिकलवाला म्हणाला, "पाचच दिवसाच्या न्या मावशी. अन् ह्या दहा पुड्या देतो. चांगले जंतू असतात ह्यात, वाईट जंतूला मारून टाकतात." मावशींनी गाठ सोडली, पाच दिवसांच्या गोळ्या अन् दहा पुड्या घेतल्या.

म्हणजे ज्या औषधाने जंतू मरतो त्यात काटछाट, आणि जे नुसतं सोबतीला द्यायचं ते पूर्ण! घरी येऊन दोन तास झाले, तरी संताप जात नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आता अप्पांचं सांगते. वर्षानुवर्षं छातीत जळजळ, आंबट पाणी. सोडा प्यायचा, दोन दिवस बरं. त्यात गुडघ्यासाठी रोजची दुखीची गोळी. एक दिवस शौचाला डांबरासारखं काळं झालं, ते त्यांनी आठवडाभर कुणाला सांगितलंच नाही. परभणीला नेलं, दुर्बीण घातली. जठरात जखम आणि एच पायलोरीचा जंतू. गोळ्या १४ दिवस लिहून दिल्या. सहाव्या दिवशी अप्पांनी त्या खिडकीत ठेवून दिल्या. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव, दिवसातून पाच वेळा जुलाब. "ह्या गोळ्या जंतूला नाही, मलाच खायल्यात," म्हणाले. मग कुणीतरी सुचवलं, चांगल्या जंतूंची कॅप्सूल घ्या, सकाळ-संध्याकाळ ताक प्या. अप्पांना ते पटलं. खरं सांगायचं तर आम्हालाही पटलं. ताकाला कोण नाही म्हणणार? आमच्या घरात ताकाशिवाय भाकरी खाल्लेली मला आठवत नाही.

पण हा जंतू राहतो कुठे ते बघा. जठरात आतून जो चिकट थर असतो त्याच्या खाली. भोवतालचं ॲसिड मारायचा अमोनिया तो स्वतःच तयार करतो. जिथे खाल्लेलं अन्न विरघळतं तिथे हा वर्षानुवर्षं संसार मांडून बसतो. बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरने १९८४ मध्ये हे जंतू स्वतः प्यायले, कारण अल्सर जंतूने होतो हे कुणी मानायलाच तयार नव्हतं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, जठराला सूज आली. २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. एका माणसाने हे सिद्ध करायला स्वतःचं पोट पणाला लावलं, आणि आपण त्या जंतूवर दहा पुड्या सोडतो!

हो, ह्या चांगल्या जंतूंच्या पुड्यांचा, म्हणजे प्रोबायोटिकचा, उपयोग होतो. अँटिबायोटिकने होणारे जुलाब, मळमळ कमी होते, त्यामुळे माणूस कोर्स पूर्ण करतो. ते मी नाकारत नाही. पण एकट्या पुडीच्या भरवशावर हा जंतू जात नाही. आमच्याकडे तर मे महिन्यात पारा ४२-४३ वर, वर पत्रा, लाइटचा पत्ता नाही. ज्या कॅप्सूल थंड ठेवायच्या असतात त्यातले जंतू अशा दुकानात किती जिवंत राहत असतील?

अप्पांना सुरुवातीला बरंच वाटलं. वाटणारच, कारण ॲसिडची गोळी तेवढी त्यांनी चालू ठेवली होती. आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो, ताकाने गुण आला. दोन महिन्यांनी सोयाबीनच्या काढणीत धुऱ्यावरच रक्ताची उलटी झाली. दोन बाटल्या रक्त चढवलं. दवाखान्यात आई माझ्याकडे बघायची आणि मी खाली बघायची, कारण ती कॅप्सूल आणून देणारी मी होते.

  

दुसऱ्या वेळचा कोर्स आणखी जड होता. चार प्रकारची औषधं, त्यात बिस्मथ नावाचं एक. त्यानेही शौच काळं होतं. ते बघून पुन्हा आत रक्त वाहतंय असं वाटलं, घरात रडारड झाली, तेव्हा डॉक्टरांनी फोनवर समजावलं. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकवर तर त्यांचा फार भरवसा नव्हता. आपण जरा पोट बिघडलं की हीच गोळी मागून घेतो, दोन दिवस खातो नि सोडतो, त्यामुळे आपल्याकडचे किती तरी जंतू तिला दाद देत नाहीत. पण या वेळी डॉक्टरांनी स्वतःच सोबत पुड्या दिल्या. त्यात यीस्ट होतं, सॅकरोमायसिस बुलार्डी. ते जिवाणू नाही, त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही. जुलाब खरंच कमी झाले. म्हणजे तीच पुडी, पण पूर्ण औषधासोबत. रात्रीची शेवटची गोळी झाली की आई कॅलेंडरवर त्या तारखेला कुंकवाचं बोट लावायची. १४ बोटं झाली. नंतर महिनाभर थांबून, शेवटचे दोन आठवडे ॲसिडची गोळीही बंद ठेवून शौच तपासायला दिलं. जंतू गेला होता.

हे लिहिता लिहिता मेडिकलवाल्यावरचा राग थोडा उतरलाय. त्यालाही कुणीतरी येऊन हेच सांगून गेलं असेल. आणि मावशींकडे तेवढे पैसेच नव्हते, हे तर खरंच आहे. कापूस अजून घरात, मजुरी रोज कुठे मिळते? पण म्हणूनच तर चीड येते. ज्याच्याकडे पैसा कमी त्याला अर्धा कोर्स विकायचा, जंतू औषधाला सरावणार, पुढच्या वेळी त्याच माणसाला दुप्पट महाग औषध. आपल्याकडे अर्ध्याहून जास्त लोकांच्या पोटात हा जंतू असतो. बहुतेकांना काही त्रास होत नाही, पण ज्याला होतो त्याचं घर हलतं. आणि त्याचं नाव १९९४ पासून कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या.

मी मावशींना एवढंच म्हणू शकले, "मावशी, पूर्ण १४ दिवसाच्या घ्या, मधेच सोडू नका." मेडिकलवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही डॉक्टर हायेत का?" मावशी म्हणाल्या, "बघू बाई, रविवारी बाजाराला येते तवा नेते उरलेल्या." आणि त्यांची गाडी आली म्हणून त्या पळाल्या.

जेवताना अप्पांना सांगितलं. ते भाकरी मोडायचे थांबले. म्हणाले, "मग उरलेले पैसे तू का नाही दिलेस?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पर्समध्ये पैसे होते. सुचलंच नाही.

रविवारी पाचव्या दिवसाची गोळी संपते. एक दिवसही खंड पडायला नको. बाजार भरायच्या आत मी त्या मेडिकलसमोर जाऊन उभी राहणार आहे. मावशींचं नाव विचारलं नाही, गावही नाही. हिरवं लुगडं होतं आणि उजव्या हाताला पट्टी बांधलेली होती, एवढं आठवतंय.