तीन गावांचं स्टेशन आणि बाकावरचे आजोबा

हातात तिकीट, डोक्यावर ऊन, कागदावर सव्वादोनची बस आणि रस्त्यावर काही नाही. पार्श्वभूमी एवढी पुरे. माझा खरा राग बसवर नाहीच, तो बाकावरच्या आजोबांवर आहे आणि अजून उतरलेला नाही.

दक्षिण इटलीत बाझिलिकाता प्रांतात, नेपल्सहून तारांतोकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, ‘ग्रास्सानो-गारागूसो-त्रिकारिको’ असं तीन गावांचं मिळून एक स्टेशन आहे. स्टेशन बाझेंतो नदीच्या खोऱ्यात आणि तिन्ही गावं वर डोंगरांवर, म्हणजे नाव तिघांचं आणि जवळ एकाच्याही नाही. यात रेल्वेचा दोष नाही. खाली मलेरिया आणि लुटारू, म्हणून माणसं शेकडो वर्षांपूर्वी वर जाऊन बसली. रेल्वेला सपाटी हवी, म्हणून ती नदीच्या कडेनं गेली. दोघांच्या मध्ये वळणावळणाचा रस्ता उरला आणि त्यावर ती बस. मी यांपैकी कुठल्या गावात होते ते सांगत नाही, आजोबा लगेच ओळखू येतील.

बसचं तिकीट बसमध्ये मिळेल या भरवशावर राहू नये. ते तबाक्कीत, म्हणजे सिगारेटच्या दुकानात घ्यायचं. खूण म्हणजे गडद पाटीवर पांढरा मोठा ‘टी’. जुन्या पाट्यांवर ‘मीठ आणि तंबाखू’ असंही दिसतं, कारण एके काळी दोन्हींची मक्तेदारी सरकारकडे होती. हे दुकान दुपारी एकला जे बंद होतं ते साडेचार-पाचपर्यंत. म्हणून साडेबाराच्या आत जायचं, येण्याचं-जाण्याचं दोन्ही एकदम घ्यायचं आणि बसमध्ये चढल्यावर मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा. बिनशिक्क्याचं तिकीट तपासनिसाच्या लेखी तिकीटच नव्हे. खायचं तेही एकच्या आतच उरकायचं. किराणावाला पावात चीज घालून देतो, पण काही गावांत गुरुवारी दुपारनंतर तोही उघडत नाही. खानावळीचा स्वयंपाक अडीचच्या सुमाराला आटोपला की थेट रात्री आठला. मधल्या वेळात कॉफी मिळाली तर मिळाली.

हे सगळं मी नीट केलं होतं. वेळापत्रकही वाचलं होतं. त्यावर दोन आडवे-तिडवे हातोडे म्हणजे कामाचे दिवस, शनिवार धरून. क्रॉस म्हणजे रविवार आणि सणवार. माझ्या बसपुढे हातोडे होते. वार मंगळवार, महिना सप्टेंबर, नुकताच लागलेला. म्हटलं, झालं.

बाकावर आजोबा होते. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, दोन्ही हात काठीवर. मी विचारलं, “आजोबा, स्टेशनची बस किती वाजता?”

“सव्वादोन. कुणाची तू?”

“मी पुण्याची.”

“ते झालं. पण कुणाची?”

पुढची काही मिनिटं माझ्या वडिलांचं नाव, त्यांचा धंदा, भावंडं आणि मी एकटी का फिरते यात गेली. सव्वादोन झाले. मी रस्त्याकडे बघू लागले तर त्यांनी काठीनं समोरच्या सज्जाकडे खूण केली. तिथे लाल मिरच्यांच्या माळा लटकत होत्या.

“सेनीझेची मिरची. साल पातळ, पाणी कमी, म्हणून लवकर वाळते. वाळली तरी देठ सुटत नाही, म्हणून देठातूनच ओवायची. धुवायची नाही! फडक्यानं पुसायची. धुतलीस तर तेल अंगावर येईल.”

“आजोबा, बस...”

“देठ काढ, बिया झटक. ऑलिव्हचं तेल तापव, पण धूर नको. मिरची आत टाक, उलट, काढ. तीन सेकंद. चार मोजलेस तर कडू.” मग त्यांनी हवेत झारा धरून मला ते करूनही दाखवलं. “काढल्यावर मऊच लागेल, घाबरू नको. गार झाली की कुरकुरीत. मीठ वरून.”

माझ्या डोळ्यांपुढे सांडगी मिरची आली. फक्त ही तिखट नसते, गोडसर असते, आणि एरवी मी वहीत उतरवून घेतलं असतं. पण पावणेतीन वाजले होते. इतक्या वेळात त्या रस्त्यावरून एकच वाहन गेलं, टोमॅटोचे क्रेट लादलेली तीनचाकी आपे. ही आपे इटलीतल्याच पोन्तेदेरा गावी पहिल्यांदा निघाली ती १९४८ साली, आणि आपल्या बारामतीतही आपे बनतात. क्षणभर माहेरचं कुणी दिसल्यासारखं वाटलं. हात केला. पण ती छोट्या जातीची होती, केबिनमध्ये एकाचीच सोय, आणि तिथे चालकच मावत नव्हता.

शेवटी विचारलं, “आजोबा, बस येणार आहे ना?”

“आज? ती पोरांची बस. शाळा उघडायचीय अजून.”

“मग मघाशी सांगितलं का नाहीत?”

“तू किती वाजता ते विचारलंस. सव्वादोनलाच येते.”

मी पुन्हा कागदाशी गेले. हातोड्यांच्या शेजारी, उन्हानं उडालेल्या शाईत, मुंगीएवढं एक अक्षर होतं. त्याचा अर्थ तळटिपेत: फक्त शाळेच्या दिवशी. तिकडे शाळा सप्टेंबरच्या मध्यावर उघडतात आणि जूनच्या सुरुवातीला मिटतात. म्हणजे पर्यटक यावेत त्या तीन महिन्यांत ही बस नाही, आणि पावसाथंडीत इमानेइतबारे आहे. बसवाल्यांचंही खरं म्हणा. तरुण मंडळी मिलान-तोरीनोला गेली, गावात उरली शाळेची पोरं आणि बाकावरची म्हातारी. त्यांतल्या पोरांनाच कुठे पोचायचं असतं. पण मग ‘या, आमची शांत गावं बघा’ असे फलक तरी लावू नका! याच प्रांतातलं मातेरा शहर २०१९ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, तेव्हाही मुख्य रेल्वे तिथे पोचलेली नव्हती. बारीहून छोट्या रुळांच्या गाडीनं जावं लागायचं. राजधानीची ही कथा, तर तीन गावांत एक स्टेशन वाटून घेणाऱ्यांनी कुणाकडे बघायचं?

पाचला तबाक्की उघडली. मी तिकीट परत करायला गेले. दुकानदारानं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि अगदी आपुलकीनं माझ्याकडे सरकवलं.

“शिक्का कुठे मारलाय? चांगलं आहे की हे. शाळा उघडली की वापरा.”